दारावरचा बाजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधलं लहानसं स्टेशन म्हणजे आमचं खुटबाव. माझी दादी या गावची मण्यारीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली आणि काखेत एक रिकामी पिशवी घेऊन ती सकाळी घराबाहेर पडायची. लहानपणी मला टोपलीपेक्षा त्या रिकाम्या पिशवीचं कोडं पडायचं. विकायला निघालेल्या माणसाला रिकामी पिशवी कशाला हवी? दुपारी ती परतायची तेव्हा टोपली निम्मी झालेली असायची आणि पिशवी भरलेली. पिशवीत कधी ज्वारी, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी मूठभर हरभरा, आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या फुटक्या बांगड्या.

आज मोठमोठ्या कंपन्या 'शाश्वत व्यवसाय' या विषयावर परिषदा भरवतात. महिला ग्राहकाचं मन कसं जिंकावं, हे शिकवणारे अभ्यासक्रम निघाले आहेत. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. व्यापाराचं शास्त्र मला अवगत नाही. पण हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला दादीची ती रिकामी पिशवी आठवते. आज त्या पिशवीचा इतिहास सांगायचा आहे.

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आमचा मुलूख भीमथडी तालुका म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या पाव शतक आधीच आमच्या शिवारातून आगगाडी धावू लागली होती. गाडीबरोबर विलायती कापड आलं, परदेशी काच आली, पक्के रंग आले. पण स्टेशनावर उतरलेला माल घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायला माणूस लागतो. ती माणसं कोण होती?

गावगाड्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, असे बारा बलुतेदार आणि त्यांना खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. हा हिशेब पुरुषांचा होता. नांगर कोणी भरायचा, मोट कोणी शिवायची, हे कारभारी ठरवायचा. बाईला लागणाऱ्या वस्तू मात्र बहुतेक या हिशेबाबाहेरच्या होत्या. बांगड्या कासाराच्या किंवा मण्याराच्या, कुंकू-काजळ-शिकेकाई आताराची, भांड्याची कल्हई कल्हईवाल्याची, गादीचा कापूस पिंजाऱ्याचा. यांतले पुष्कळसे मुसलमान. बाईला बाजाराला जायची मोकळीक नव्हती, म्हणून बाजार तिच्या दारात येत असे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ सालचा. गावात येणाऱ्या फिरस्त्यांची त्यांनी बारकाईनं नोंद केली आहे आणि हे फिरस्ते कुणब्यावर भार आहेत, असं त्यांचं मत होतं. वावरात उभं राहून पाहिलं तर ते खरंही होतं. एकट्या कुणब्याच्या राशीवर किती जणांनी जगायचं? पण घराच्या ओट्यावर बसून पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. तिथं येणाऱ्या काही माणसांपाशी बाईच्या गरजेचं सामान होतं आणि ते घेण्यासाठी तिच्या हातात रोख पैसा नव्हता. मग तिच्या हातात जे काही होतं, तेच चलन झालं. आमच्या दारावरच्या बाजाराचं मूळ इथं आहे.

आधी बांगड्यांचंच पाहू. बांगडीचं माप आजही दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं सांगतात. पुष्कळांना ते दशांश वाटतात; पण ते आहेत इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन. शाळेची पायरी न चढलेल्या दादीला हे माप पट्टीशिवाय समजायचं. ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबून बघायची आणि म्हणायची, "लेकी, हात सैल सोड. तू भ्यालीस तर काच फुटेल." कोणत्या घरच्या सुनेचं माप काय, कोणाला सातवा महिना लागला आहे, कोणाच्या लेकीचं लग्न ठरलं आहे, सगळं तिला तोंडपाठ. लग्नाआधी नवरीच्या हातात हिरवा चुडा तिनंच भरायचा. बांगड्या भरून झाल्या की नवरी वाकून तिला नमस्कार करायची. आपण एका मुसलमान बाईच्या पाया पडतो आहोत, हे तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. आता कोणाच्या हातून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, अशा चर्चा कानावर येतात, तेव्हा मला दादीच्या हातात विसावलेले ते शेकडो हात आठवतात.

बांगडी फुटली असं कोणी म्हणत नसे. बांगडी 'वाढवली' म्हणायचं. वाढवलेल्या बांगडीचे तुकडे बायका टाकून देत नसत, दादीसाठी कोनाड्यात ठेवत. ते घरी एका पोत्यात साठायचे आणि पोतं भरलं की काचेचा व्यापारी वजनावर घेऊन जायचा. फुटकी काच भट्टीत मिसळली की नवी काच कमी उष्णतेवर वितळते. त्यामुळे काचेच्या भट्ट्यांना अशा तुकड्यांची गरज पडते. दादीला भट्टीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण फुटक्या काचेलाही दाम असतो हे पक्कं ठाऊक होतं.

या काचेला एकदा देशभक्तीचाही रंग चढला होता. १९०५ साली वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली आणि पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्या काळी बांगड्यांचा पुष्कळसा माल ऑस्ट्रियाहून यायचा. परदेशी साखर, परदेशी कापड, परदेशी बांगड्या नकोत, हे सांगायचं तर घरातल्या बाईलाच सांगायला हवं, हे पुढाऱ्यांच्या ध्यानात आलं. तू काय विकत घेतेस याला अर्थ आहे, असं बाईला इतक्या मोठ्या आवाजात बहुधा तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं गेलं. पण परदेशी काच टाकायची तर देशी काच हवी. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची पैसा फंडाची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तळेगाव दाभाडे इथं, पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथं काम पाहिलं. लोकांच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या या कारखान्यानं काचकामाची शाळाही चालवली.

आता आपल्या दारावर परत येऊ. कल्हईवाला आला की आळीतली सगळी पोरं गोळा व्हायची. जमिनीत खड्डा खणून तो भाता बसवायचा. पातेलं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर आणि एक उग्र वास उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. पोरांना ही जादू वाटायची, पण बाईच्या दृष्टीनं तो आरोग्याचा प्रश्न होता. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते आणि बाधते. म्हणून वर्षा-सहा महिन्यांनी कल्हईवाल्याची वाट पाहिली जायची. तो नवीन भांडं विकत नसे. जुन्याचंच आयुष्य वाढवून देत असे. आजेसासूचा हंडा नातसुनेपर्यंत चालायचा तो असा.

पिंजाऱ्याचीही तीच रीत. त्याच्या पिंजणाचा तो घुमणारा नाद अजून माझ्या कानात आहे. गादीत दबून दगड झालेला कापूस तो उन्हात सोडवायचा, तातीवर घेऊन पिंजायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच कापसाची दुप्पट फुगलेली गादी भरून द्यायचा. उशी-गादीचं काम पिंजाऱ्याचं. गोधडीचं काम मात्र बाईचं स्वतःचं. जुन्या लुगड्यांचे थर, कडेला काठांच्या पट्ट्या आणि सबंध उन्हाळाभर घातलेला धावदोरा. लुगड्याचं आयुष्य असं तीन टप्प्यांचं होतं. आधी अंगावर, मग गोधडीत, शेवटी पोतेऱ्यात.

आणि मग यायची बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई म्हणजे दारावरच्या बाजाराची राणी होती. तिच्याशी होणारी घासाघीस तासभर चालायची. ती शर्ट उजेडात धरायची, कॉलर उलटी करून बघायची आणि नाक मुरडायची. "एवढ्यावर वाटी येईल, पातेलं नाही." मग घरातून आणखी एक साडी यायची, मग पुन्हा नकार, शेवटी पातेलं. तिनं नेलेले कपडे धुऊन, उसवून, शिवून पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी गरिबांच्या अंगावर जायचे. अगदी फाटके यंत्रं पुसण्याच्या चिंध्या व्हायचे. टेरिकॉट आणि नायलॉन घराघरांत शिरले तेव्हा तिची चलती झाली. सुती लुगड्याची गोधडी होते. नायलॉनची ऊब देत नाही. ती साडी बोहारणीलाच द्यावी लागायची.

या बोहारणीनंच साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यांपाड्यांत स्टेनलेस स्टील नेलं. चकचकीत, हलकं, न कळकणारं. बायकांना त्याची भूल पडली, आणि का पडू नये? चिंचेनं पितळ घासून घासून त्यांचे हात झिजले होते. पण स्टीलला कल्हई लागत नाही. बोहारणीच्या पाटीतून स्टीलचं एकेक भांडं घरात आलं आणि पितळेचं एकेक भांडं मोडीत गेलं. कल्हईवाल्याच्या फेऱ्या वर्षातून दोन होत्या त्या एक झाल्या, मग बंद पडल्या. दारावरच्या एका धंद्यानं दारावरचाच दुसरा धंदा संपवला. यात दोष कोणाचा म्हणायचा? स्टीलही पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मला बोहारणीला दोष देववत नाही. पण कल्हईवाल्याच्या भात्याचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही, हेही खरं.

हा बाजार फार गोड होता, असं मात्र कोणी समजू नये. बोहारणीला लोक उंबऱ्याबाहेर बसवायचे, पाण्याला विचारताना दहादा विचार करायचे. बाईनं दादीला दिलेली ज्वारी पुष्कळदा सासूच्या नकळत कणगीतून काढलेली असायची. एकदा एका घरची सासू आमच्या दारात येऊन उभी राहिली. "आमची ज्वारी तू घेतलीस?" दादीनं काही न बोलता पिशवीतली ज्वारी तिच्या पदरात ओतली. बांगड्या सुनेच्या हातात भरलेल्या. त्या काही परत घेता येत नव्हत्या. पुढच्या खेपेला दादी पुन्हा त्याच घरी गेली. मी विचारलं, "दादी, तिथं कशाला?" ती म्हणाली, "गाव तेवढंच आहे बेटा. एक दार सोडलं तर उद्या कुठं जाशील?"

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे विधवांची दारं. तिथं टोपली उतरायचीच नाही. दादी स्वतः तिशीच्या आत विधवा झाली होती, म्हणून तर टोपली डोक्यावर आली. हजारो हातांत बांगड्या भरणाऱ्या तिच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ दादीचा विचार करत बसलो होतो.

बाईच्या हातात काय आहे, यावर तिच्यापुढचा बाजार ठरतो. आधी धान्य होतं, जुनं कापड होतं. मग १९७२चा दुष्काळ आला. रस्त्यांच्या, नालाबांधाच्या कामांवर बायका खडी फोडायला गेल्या. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुरुषाइतकीच मजुरी बाईला, हे तिचं तत्त्व होतं. अम्मी सांगायची की त्या वर्षी आपल्या घरात पहिल्यांदा बांगड्यांचे सगळे पैसे नाण्यांत आले. बायका कामावरून येताना थांबायच्या, गाठीतली नाणी सोडून द्यायच्या, सासूला विचारायची गरज नव्हती. खडी फोडताना बांगड्याही जास्त वाढायच्या, म्हणून त्या जाड काचेच्या मागायच्या. बाईला आपल्या मर्जीनं खरेदी करता आली, ही लहान गोष्ट नव्हती. भुकेचं ते वर्ष होतं, तरी हेही त्याच वर्षी झालं.

रोख पैसा जिथं जातो तिथं कंपन्या पोचतात. १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पूचा धंदा सुरू केला. बाटली न परवडणाऱ्या बाईला एका न्हाण्यापुरती पुडी. शाम्पू पुडीत भरून विकण्याची वाट त्यांच्या वडिलांनी, चिन्नी कृष्णन यांनी, आधीच दाखवली होती. या कंपनीनं पुढे एक योजना काढली: रिकाम्या पाच पुड्या आणा, एक भरलेली फुकट घ्या. सुरुवातीला कोणत्याही कंपनीची पुडी चालायची. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दचकलो. ही तर आमच्या बोहारणीची रीत! पण उद्देश निराळा होता. पुडी परत घ्यायची ती बाजार काबीज होईपर्यंत. बाजार हाती आला आणि ती देवाणघेवाण थांबली.

तोवर आमच्या घरीही टोपली जाऊन दुकान आलं होतं. अब्बांनी ओट्यावर पत्र्याची शेड घातली. बांगड्यांच्या लाकडी नळ्या मागे गेल्या आणि पुढे पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. शाम्पू, तेल, सुपारी, कॉफी. मी स्वतः सुट्टीत त्या माळा तोडून विकल्या आहेत. गिऱ्हाईक बहुतेक बायका आणि पोरी. त्यांना न्हाताना डोक्याला चांगला वास हवा होता, आणि तो त्यांचा हक्कच होता. रिकाम्या पुड्या मात्र कोणी कोनाड्यात ठेवल्या नाहीत. त्या उकिरड्यावर, तिथून ओढ्यात, कॅनॉलच्या चारीत गेल्या. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेली ती पुडी भंगारवालासुद्धा घेत नाही. एका पावसाळ्यात चारी तुंबली, तेव्हा चिखलातून निघालेल्या पुड्यांवरची नावं मी ओळखली. त्या आमच्याच दुकानातल्या होत्या. हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही.

२००१च्या सुमारास हिंदुस्तान लिव्हरनं आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यातून 'शक्ती' नावाचा उपक्रम सुरू केला. बचत गटातल्या बायकांनी गावात दारोदार जाऊन कंपनीचा माल विकायचा. अनेकींच्या हाती त्यातून कमाई आली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या मनात आलं, ही तर दादीचीच टोपली. फक्त काखेतली रिकामी पिशवी तेवढी राहून गेली. ती पिशवी शहरात दुसऱ्याच बायकांच्या खांद्यावर दिसते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायकाच तिच्या सभासद. माल विकणारी एक बाई, उरलेलं उचलणारी दुसरी बाई, आणि दोघींची गाठ कधी पडत नाही. दादीच्या काळी ही दोन्ही कामं एकच माणूस करत असे. म्हणून वस्तूचं पुढे काय होतं, हे तिला टाळता येत नसे.

कायद्यालाही उशिरा का होईना, ही गोष्ट पटली आहे. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी माल बनवणाऱ्यांवर टाकली. सरकारी भाषेत त्याला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतात. आमच्या घरी त्याला रिकामी पिशवी म्हणत. नियम कागदावर असून भागत नाही. दादी पिशवी न्यायची ती कायद्याच्या धाकानं नव्हे. तिला त्याच दारात पुन्हा उभं राहायचं होतं आणि फुटक्या काचेचे चार पैसे व्हायचे होते, म्हणून. परत येण्याची गरज आणि परत नेण्यात थोडा फायदा, या दोन गोष्टी असल्या की धंदा आपोआप टिकाऊ होतो.

आमच्या जुन्या तालुक्याचं नाव आता पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेमुळे शहरी बायकांच्या ओठांवर आलं आहे. तिथं बचत गटाच्या बायका पापड-लोणची विकतात, गोधड्या विकतात. खेड्यातली बाई स्वतः विकणारी झाली, पैसा तिच्या हाती आला, हे दादीच्या काळापेक्षा नक्कीच पुढचं पाऊल आहे. जुना बाजार जसाच्या तसा परत यावा, असं मी म्हणणार नाही. सासूच्या नकळत काढलेली ज्वारी मला परत नको आहे, उंबऱ्याबाहेर बसलेली बोहारीणही नको आहे. बाईच्या हातात तिचा पैसाही असावा आणि विकणाऱ्याच्या काखेत रिकामी पिशवीही, एवढंच मागणं आहे.

संक्रांत आली की घरोघरी हळदी-कुंकू होतं. कधी काळी वाण म्हणजे सुगड, ऊस, हरभरा, तिळगूळ. सगळं खाऊन संपणारं किंवा मातीत मिसळणारं. आता डझनावारी प्लास्टिकच्या डब्या वाटल्या जातात. माझ्या बहिणींनो, यंदा वाण घ्यायला दुकानात गेलात तर किंमत विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: हे मोडलं, रिकामं झालं, तर परत घेणार का? दुकानदार कदाचित हसेल. माझी दादी मात्र हा प्रश्न विचारायची वेळच येऊ देत नसे. बांगड्या भरून झाल्या की ती आपणहून पिशवीचं तोंड उघडून पुढे करायची.